लंबकापाशी थांबलेल्यांचे आभार

पहिल्या सत्राचं भौतिकशास्त्र संपलं. थिअरी कशीबशी निभावली असती, पण प्रॅक्टिकल तुमच्याशिवाय जमलं नसतं.

साध्या लंबकावरून माझं गुरुत्वत्वरण सारखं १०.९ च्या आसपास यायचं, यायला हवं ९.८. तीन वेळा प्रयोग केला, आकडा हलेना. खरं सांगायचं तर ९.८ येईल असे आकडे जर्नलमध्ये लिहून मोकळं व्हायचा विचार पक्का झाला होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, "स्टॉपवॉच चालू करताना तू 'एक' म्हणतोस. 'शून्य' म्हण." म्हणजे मी २० आंदोलनं समजून १९ चाच वेळ घेत होतो! आवर्तकालात, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळात, पाच टक्क्यांची चूक, आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे उत्तरात जवळजवळ अकरा टक्के. नाव विचारायचं राहूनच गेलं. तुझे मनापासून आभार.

लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, नुसत्या दोऱ्याची नाही, हे न रागावता दोनदा सांगणारे लॅब असिस्टंट काका, तुमचेही. बारीक जाडी मोजायचा स्क्रू गेज एकाच दिशेने फिरव, मागेपुढे केलंस तर वाचन चुकतं, हे जाता जाता सांगून गेलेल्या सीनियरचेही.

आणि ज्यांनी आपलं जर्नल उतरवायला दिलं नाही, पण आलेख काढताना अर्धा तास शेजारी बसले, त्यांचे जरा जास्तच. (तेव्हा राग आला होता.)