प्रार्थनागृहाच्या कौलांसाठी आवाहन

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

आपल्या भुसावळच्या प्रार्थनागृहात रोज सकाळी साडेसहाला घंटा होते. दोन मिनिटे शांतता, मग स्तोत्रे, शास्त्रपाठ, थोडे मनन आणि शेवटी विनंत्यांची वही. दिवसाला पाच धरली की 150 स्तोत्रे 30 दिवसांत होतात. 24 तारखेच्या वाट्याचे 119 वे मात्र एकटेच 176 वचनांचे, म्हणून ते संध्याकाळच्या प्रार्थनेत आठ-आठ वचने करून 22 दिवस वाचतो. रात्रपाळी उतरून थेट येणाऱ्या रेल्वेच्या भावांनी आणि निंदणीला निघण्याआधी टेकणाऱ्या बहिणींनी हा क्रम मोडू दिलेला नाही.

ज्यांनी हे घर उभे ठेवले त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. सागवानी बाक एका निवृत्त गार्डकाकांनी पेन्शनीतून करून दिले. पेटीचा भाता दोनदा बदलून देणाऱ्या मावशी आज प्रभूजवळ आहेत. शेजारचे केळीवाले भाऊ आपल्या मंडळीचे नाहीत, तरी दर नाताळला मांडवाचे बांबू त्यांच्याच वाडीतून येतात. प्रभू त्यांना भरभरून आशीर्वाद देवो.

वादळात कौले उडाली तेव्हा तात्पुरते म्हणून टाकलेले पत्रे सहा वर्षे तसेच आहेत. मे महिन्यात ते तापून कडकड वाजतात. स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन चिरले, आता प्रत्येक भोकातून थेंब गळतो. सर आली की शेजारच्याची प्रार्थनाही ऐकू येत नाही. मग मनन कसले? जुलैत विनंत्यांची वही भिजली. शाई पसरून आजाऱ्यांची नावे एकमेकांत मिसळली.

दोन्ही उतार मिळून 720 चौरस फूट. चौरस मीटरला 15 प्रमाणे मंगलोरी कौले हजार आणि फुटीसाठी शंभर. मगरीची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, 30. वासे सागाचे, धड आहेत. फक्त दोन वाशांची भिंतीतली टोके वाळवीने पोकळ केली आहेत, ती कापून नवी जोडायची आणि डांबर लावूनच भिंतीत घालायची. रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) मात्र सगळ्या नव्या. अंतर साडेबारा इंचांच्या आसपास, पण आलेले कौल हातात धरून मोजूनच ठोकायच्या. अंतर चुकले की कौलाचा दात रिपेत धरत नाही, माकडाने एक उडी मारली तरी ओळ घसरते. मागच्या वेळी नेमके हेच झाले होते. कडुलिंबाची छपरावर आलेली फांदीही आधी उतरवावी लागेल.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला दोनच पाकिटे आली. नाताळला मांडवाबाहेरपर्यंत उभे राहणारे आपण सगळे तेव्हा कुठे होतो, हे मनाला लागले आहे.

काम मृगाआधी व्हायलाच हवे. अर्पण रोख किंवा चेकने, उपासनेनंतर खजिनदारांकडे, पावती जागेवरच. कौले, रिपा, खिळे वस्तुरूपानेही चालतील (कौले एकाच छापाची हवीत, आधी विचारून घ्या). कोटेशन नोटीस बोर्डावर आहे. पत्रे उतरवायला दोन शनिवार दहा-दहा जण लागतील, नावे रविवारपर्यंत द्यावीत.

प्रभूच्या सेवेत आपला,
चिटणीस