खापऱ्याबद्दल, उशिरा

प्रिय बंड्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. शिव्या नंतर दे. माझी मान बरी आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय. तब्येतीचं एवढंच.

रविवारी खेळात एक प्रकार झाला आणि तुझा मेलेला चोर खापऱ्या आठवला. तो तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? आम्ही अजून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं तेच जुनं साडेतीन एडिशन खेळतो, खेळ अजून मीच चालवतो. नव्या मुलीची लढवय्यी ३ हिट पॉइंटवर लटकत होती, म्हणजे जीव तेवढाच उरला होता, पण शुद्धीवर होती. क्लेरिकने, म्हणजे आपल्या पुजाऱ्याने, जखम भरायचा स्पेल (मंत्र) टाकला. ही म्हणते, "माझं कॅरेक्टर देव मानत नाही. मला नको." सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुस्तक उघडलं, तर त्या स्पेलला चक्क विल सेव्ह आहे, म्हणजे फासा टाकून मनाच्या जोरावर तो निम्मा परतवता येतो! कंसात 'हार्मलेस' लिहिलंय म्हणून आपण कधी तिकडे बघितलंच नाही. तिने फासा टाकला, १८ पडले. १२ चे ६ झाले. निम्मा देव मानला म्हण.

रात्री झोप येईना, म्हणून पुढची पानं चाळली. मेलेल्याला परत आणण्याच्या भागात लिहिलंय की बोलावणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट (तो भला की बुरा) आणि त्याचा देव कोण हे आत्म्याला कळतं, आणि तेवढ्यावरून तो यायला नकार देऊ शकतो. आत्मा, बंड्या! मेलेला कुणाचा भक्त होता हे देव विचारतो, असं कुठेही नाही. क्लेरिक रोज ठरल्या वेळी प्रार्थना करून स्पेल मिळवतो. ते कुणावर टाकायचे हे तो बघतो. त्याने देवाचे नियम फारच मोडले तर देव त्याचे स्पेल काढून घेईल, पण ते भांडण त्या दोघांचं. रोग्याचा त्यात काय संबंध?

आणि खापऱ्या मेला तेव्हा मी काय म्हणालो होतो? "खापऱ्या कुठल्याच देवळाचा नाही, देव कशाला ऐकेल?" त्याला उठवायच्या स्पेलसाठी चौघांनी वर्गणी काढून ५,००० सुवर्णनाण्यांचा हिरा आणला होता. (पाचव्या एडिशनमध्ये तो ५०० ला झालाय. देवांनीही दर उतरवले.) तू खापऱ्याच्या माहितीच्या कागदाची, त्या शीटची, चार घड्या घालून खिशात कोंबली आणि उठलास. हिट पॉइंटच्या चौकोनात खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर दिसतं.

खरं सांगतो, नियम वगैरे नंतरचं. तीन आठवडे खपून रचलेली माझी गुहा तुझ्या चोराने किल्ली लांबवून दहा मिनिटांत संपवली, तो राग होता. म्हणून देवाला पुढे केलं. पण तू मला 'पक्षपाती पंचांग' म्हणालास, तेही काही बरोबर नव्हतं.

नवी नोकरी कशी आहे? लेक चालायला लागली असेल. वहिनींना नमस्कार सांग.

तर ऐक. खेळातल्या जगात चारच महिने झालेत. मेलेल्याला उठवायच्या साध्या स्पेलची मुदत संपली, क्लेरिकच्या लेव्हलमागे एकच दिवस मिळतो. पण वरच्या 'रेझरेक्शन'ला लेव्हलमागे दहा वर्षं आहेत. हिरा मात्र १०,००० चा लागतो. जुना तसाच पडून आहे, उरलेल्याचं मी बघतो. क्लेरिक तोच, त्याचा देवही तोच. खापऱ्याला यायचं की नाही हे तू सांगायचंस, आणि नको म्हणालास तर सेव्हसुद्धा मागणार नाही.

रविवारी चार वाजता. फासे तुझे आण, माझे तुझ्यावर अजून चिडलेले आहेत.

तुझा,
पक्षपाती पंचांग