राजकोटची शाळा आणि आपली शाळा

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. माझा गुडघा होता तसाच आहे आणि रक्तदाब गोळीवर आहे. प्रकृतीविषयी एवढे पुरे.

पट घटल्यामुळे बंद पडलेल्या आपल्या शाळेचे संग्रहालय करण्याचे माजी विद्यार्थ्यांनी ठरवले असून, भिंतीवर लावायचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. त्याच सुमारास धाकटीकडे राजकोटला गेलो असताना मी तिथले गांधी संग्रहालय, म्हणजे पूर्वीचे आल्फ्रेड हायस्कूल, पाहून आलो आणि तेव्हापासून माझा मसुदा अडला आहे.

ती शाळा 1853 सालची. आजची इमारत 1875 मध्ये जुनागढच्या नवाबाने बांधून दिली, नाव मात्र व्हिक्टोरिया राणीच्या मुलाचे, प्रिन्स आल्फ्रेडचे लागले, आणि स्वातंत्र्यानंतर ते जाऊन मोहनदास गांधींचे आले. पैसा एकाचा, पाटी दुसऱ्याची! आपल्या देणगीफलकावरून, ज्याला आपण शकुनी म्हणतो त्याने केलेला तमाशा मला तिथे उभ्या उभ्या आठवला.

मोहनदास तिथे शिकू लागला त्या पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा त्याचे ‘केटल’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले आणि मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावूनही त्याने शेजाऱ्याच्या पाटीत डोकावले नाही, हे तुला ठाऊकच आहे. तू बुटाची वाटही न पाहता माझी पाटी ओढून घ्यायचास, आणि अजून ते नाकारतोस.

तोच मुलगा 1887 मध्ये जेमतेम 40 टक्क्यांच्या आसपास गुण मिळवून मॅट्रिक झाला. पुढे शाळेचाच निकाल आणि पट घसरत गेला, आणि मे 2017 मध्ये उरलेल्या मुलांच्या हाती दाखले देऊन ती बंद करण्यात आली. 30 सप्टेंबर 2018 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मांडणी देखणी आहे, खोटे कशाला बोलू? पण दालनांतून फिरताना सारखे वाटत राहिले की, एका विद्यार्थ्यासाठी जपलेल्या या वास्तूत बाकीच्या हजारो मुलांनी कुठे बसायचे?

आपल्याकडे तर गांधीही नाहीत. समितीला दोन निवृत्त अधिकाऱ्यांच्या तसबिरी हव्या आहेत आणि शाळा का बंद पडली, हे पाहुण्यांपुढे नको आहे. मला मात्र शेवटच्या वर्षीचे हजेरीपत्रक, सात नावांसह, काचेखाली ठेवायचे आहे आणि जन्मभर घंटा देणाऱ्या काकूंचे नाव ठळक लिहायचे आहे. काकूंसाठी तरी तू माझ्या बाजूने उभा राहशील, असे गृहीत धरतो.

तुझ्या मुलीचे लग्न ठरल्याचे ऐकून फार आनंद झाला, तारीख कळव. नव्या घराचा ताबा मिळाला का?

रविवारी बैठक आहे. त्याआधी फोन न करता चार ओळी लिहून पाठव, म्हणजे मला त्या वाचून दाखवता येतील. आणि शाळेची घंटा सध्या कोणाच्या माळ्यावर पडली आहे, ते तुला पक्के ठाऊक आहे, तेवढे नाव त्यात घालायला विसरू नकोस.

तुझा,
दादू