फियाट किलोवर देण्याआधी एकदा खाली वाकून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चाळीसगाव-पाचोरा पट्ट्यात सध्या भंगारवाले गल्लीगल्लीत फिरून सांगतायत की पंधरा वर्षं झालेली गाडी आता सरकार जप्त करणार, त्यापेक्षा आत्ताच देऊन टाका, आणि लोक घाबरून खरंच देतायत. खळ्यात, गोठ्यामागे उभ्या असलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर किलोच्या भावात चालल्यात. मी गेली काही वर्षं घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी (लोक जिला फियाटच म्हणतात) दुरुस्त करून पुन्हा उभी करतोय म्हणून राहवलं नाही, हे पत्र लिहितोय.

पहिलं म्हणजे, दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद हा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी आलेला आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, तपासणीत पास झाली की पाच वर्षं रजिस्ट्रेशन वाढवून मिळतं, पर्यावरण कर भरायचा. फी मात्र वाढलीय हे खरं, २०२२ मध्ये कारची ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,००० केली, आणि घरी मेहनत करून गाडी जपणाऱ्या माणसाला हे जड जातं असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करता येते पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. ज्याला बाजारला जायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता मूळ मुद्दा. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० चीच गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, इंजिन १०८९ सीसी, पेट्रोल-हवा मिसळायला कार्ब्युरेटर, ठिणगीसाठी डेल्को (डिस्ट्रिब्युटर), त्यातले पॉइंट आणि कंडेन्सर, सेन्सर एकही नाही. म्हणजे पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) आणि धीर असला तर घरी उघडता येते. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालचा पत्रा आणि फ्लोअर गंजला की गाडीचा कणाच गेला. आणि आपल्याकडचे बरेच पेंटर तिथे जाळी भरून पुट्टी मारतात, वर चकाचक रंग, गिऱ्हाईक खूश, आणि आतून गाडी खड्ड्यात वाकायला लागते, हे मला अजिबात पटत नाही, हा धोका आहे. घेताना किंवा काम काढताना आधी खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, भसकन आत गेला तर तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागतो. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा अँगल टाकून घ्यायचा नाहीतर बॉडी सरकते आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायची वेळ आली तर घरी बिलकुल नको, रिकाम्या टाकीतली वाफही भडकते.

बंद पडलेलं इंजिन सेल्फ मारून फिरवू नये, प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि हाताने हळूहळू फिरवायचं. आमच्या गावच्या म्हाताऱ्या मेस्त्रीबाबांनी हे केलं आणि म्हणाले, "भाऊ, पत्रा गयेल शे, इंजिनले काहीच व्हयेल नई." पुढचं लेथचं काम, बोअर, हेड फेसिंग, ब्रेक ड्रम टर्निंग, हे सगळं आपल्याकडे होतं, कारण ट्रॅक्टर आणि विहिरीच्या पंपावर जगणारे लेथवाले आपल्या तालुक्यातालुक्यात आहेत. पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड नाहीतर दिल्लीचं काश्मिरी गेट. रंगावर पैसे घालण्याआधी ब्रेकचे सगळे रबर, व्हील सिलिंडर आणि पाइप बदला, आणि जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ कंप्रेसरने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, घोडी (लोखंडी स्टँड) लावायचीच.

आपल्या खान्देशच्या उन्हाचं वेगळं. पारा ४५ ला टेकला की फ्युएल पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी चढावर किंवा सिग्नलला खों खों करून बंद, कन्नड घाटात हे ज्यांनी भोगलंय त्यांना पंपावर ओलं फडकं टाकायचं माहितीय. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणीही ओढून घेतं, म्हणून पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), होजपाइप, गॅसकेट इथेनॉल चालणारेच घ्या, आणि गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका.

हे सगळं मला सांगणारी माणसं आता थकलीत. पॉइंट सेट करणारे, कार्ब्युरेटर कानाने ट्यून करणारे मेस्त्री साठी-सत्तरीत आहेत, त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात किंवा पुण्याला. म्हणून माझी मागणी अशी की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांसमोर एकेक जुनी गाडी ठेवा आणि या मेस्त्री लोकांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. आणि आरटीओने भंगारवाल्यांच्या अफवेवर मराठीत एक साधं पत्रक काढून ग्रामपंचायतीत लावावं, कोणती गाडी चालते, फी किती, कागद कोणते. तुमच्या पेपरने एवढं छापलं आणि आरटीओला विचारलं तरी या उन्हाळ्यात बऱ्याच फियाट वाचतील.

आपला,
एक वाचक, ता. चाळीसगाव