मॅडम, त्या ग्रीक नाटकांसाठी थँक्यू

मॅडम, समोर बसून हे बोलायला गेले की गळा दाटून येतो म्हणून लिहूनच टाकते.

दादा गेल्यावर घरी जो येईल तो तेच सांगून जायचा, देव परीक्षा बघतो, दुःखातून माणूस शहाणा होतो, जे होतं ते चांगल्यासाठीच. अरे कोणाच्या चांगल्यासाठी? तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत, चहा घेतलात आणि जाताना म्हणालात, जमेल तेव्हा खाली ये, ग्रीक नाटककार एस्किलसचं 'ऍगमेम्नॉन' वाचू. खरं सांगू, मनात म्हटलं इथे आमचं काय चाललंय आणि ह्यांना इ.स.पू. ४५८ चं नाटक सुचतंय!

दुःख भोगूनच शिकायचं हा झ्यूसचा, म्हणजे ग्रीकांच्या मुख्य देवाचा नियम, हे त्यातलंच. मार्टिन ल्यूथर किंग गेले त्या रात्री, १९६८ मध्ये, अमेरिकेतले नेते रॉबर्ट केनेडींनी त्याच्या लगेच पुढच्या ओळी लोकांसमोर म्हटल्या होत्या. मी म्हटलं झालं, पुन्हा तोच सुविचार. तर तुम्ही म्हणालात, आधी बघ कोण बोलतंय आणि कधी. बोलतायत राजा ऍगमेम्नॉनच्या आर्गॉस नगरातले म्हातारे, काठी टेकत चालणारे, ट्रॉयच्या लढाईला जायचं वय नव्हतं म्हणून मागे राहिलेले, आणि सांगतायत काय तर ऑलिस बंदरात वाऱ्यामुळे जहाजं अडकली म्हणून ऍगमेम्नॉनने पोटच्या मुलीचा बळी दिला ते. तिने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तोंड बांधलेलं, केशरी वस्त्र खाली ओघळलेलं, आणि ती एकेकाकडे बघतेय, ह्याच लोकांसमोर बापाच्या पंगतीत ती गायची. मग म्हातारे म्हणतात, पुढचं मी पाहिलं नाही आणि सांगणारही नाही. तिथे तुम्ही पुस्तक मिटलंत, बरं केलंत.

आता ह्यात शिकलं कोण? ती तर मेलीच, आणि बाप दहा वर्षांनी जिंकून आला तो जांभळ्या वस्त्रांवर पाय देत घरात शिरला आणि बायकोच्या हातून मेला. शिकायचं राहिलं बघणाऱ्यांच्या वाट्याला, तेही झोपेच्या जागी आठवण थेंब थेंब ठिबकत राहते आणि नको म्हटलं तरी समज येते असं. कोणी बक्षीस देत नाही. मला ते फार बरं वाटलं, निदान खोटं तरी नव्हतं.

आणि मग एस्किलसचंच 'पर्शियन्स' वाचताना तुम्ही सहज सांगितलंत की पर्शियन लोकांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईत एस्किलस स्वतः लढला आणि त्याचा भाऊ तिथेच गेला, शत्रूचं जहाज धरून ठेवताना कुऱ्हाडीने हात तुटून. त्याच माणसाने, पर्शियन हरले त्या सॅलॅमिसच्या आरमारी लढाईनंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२ मध्ये, विजयी अथेन्सला बसवून हरलेल्या पर्शियन लोकांचा आक्रोश दाखवला, मुलाची वाट बघणारी त्यांची राणी दाखवली. त्या रात्री मला पहिल्यांदा दादाच्या अपघातातल्या त्या ट्रकवाल्याच्या घरचे आठवले, तोही वाचला नव्हता. मला नको होतं ते आठवायला. अजूनही राग गेलेला नाही, पण नंतर आईशी त्यांच्याबद्दल बोलले, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली त्याला मुलं होती का गं.

तुम्ही मला एकदाही 'सावर स्वतःला' म्हणाला नाहीत, त्यासाठी वेगळं थँक्यू. 'ऍगमेम्नॉन'च्या पुढचे, त्याच्या मुलाचे, ओरेस्टेसचे दोन भाग राहिलेत, रविवारी येतेय, आईसुद्धा येते म्हणतेय, चालेल ना?