रिमच्या नुकसानीचा अर्ज कुठल्या खिडकीवर?

महोदय,

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, ती दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. दावे ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समितीही सांगितली. उत्तम झालं. पण माणूस धड घरी पोचला आणि गाडी मोडली, तर काय? तसे लोक माझ्याकडे येतात.

मी दुचाकींचं गॅरेज चालवतो. पाऊस लागला की इंजिनाची कामं मागे पडतात आणि पुढची चाकं यायला लागतात. मागे एक कुरिअरवाला पोरगा आला. अलॉय एका बाजूने चेपलेलं, टायर बसलेला. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं, तर बरोबर मध्यावर खट्कन अडकायचं. म्हणजे कोनसेटही, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. बेअरिंगच्या गोळ्यांनी वाटीत खाचा पाडल्या होत्या. असं हँडल वळणावर दगा देतं, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही. बिल चार हजारांच्या वर गेलं. “दादा, बिलावर खड्ड्याचं लिहून द्या,” म्हणाला. मी रस्त्याच्या नावासकट लिहिलं.

तो बिल आणि फोटो घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेला. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, “हाडबीड मोडलंय का?” नाही म्हटल्यावर, “मग इन्शुरन्सवाल्याकडे जा, आमच्याकडे गाडीचा अर्ज नसतो.”

इन्शुरन्सचं सांगतो. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे नुसता थर्ड पार्टी असतो, त्यात स्वतःच्या गाडीचा एक स्क्रूही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी नुसता टायर फाटला तर सहसा काही नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची निम्मी किंमत. वर क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. म्हणजे खड्डा महापालिकेचा आणि दंड गिऱ्हाइकाला. राहिला दिवाणी दावा. महापालिकेला आधी नोटीस द्या, महिनाभर थांबा, वकील करा. चार हजारांसाठी कोण करणार?

बरं, खड्डा बुजवतात कसा तेही बघतो. आमच्या चौकात भर पावसात टेम्पो आला, साचलेल्या पाण्यातच डांबरमिश्रित खडी ओतली, फावड्याच्या पाठीने थोपटली आणि गेला. दुसऱ्या दिवशी खडी रस्ताभर. आता खड्ड्यात आपटणाऱ्यांबरोबर खडीवर घसरणारेही आले. खड्डा चौकोनी कापून, साफ-कोरडा करून, डांबराचा हात देऊन, भरून वर रोलर फिरवायचा असतो. ओल्या ट्यूबला पॅच चिकटत नाही, हे पंक्चरवाल्या पोरालाही कळतं.

एका गिऱ्हाइकाची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथे गाडीच्या नुकसानीचा अर्ज थेट कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, करता येतो. पैसे सगळ्यांनाच मिळतात असं नाही. पण जबाबदारी झटकायची तर रस्त्याची वेळच्या वेळी तपासणी आणि दुरुस्ती केल्याच्या नोंदी कौन्सिलला दाखवाव्या लागतात. माझ्या मते पैशांपेक्षा ही नोंदवही जास्त मोलाची. अर्ज आला की वही मागितली जाईल, आणि वही मागितली की ठेकेदाराचं नाव निघेल.

म्हणून मागणी एवढीच : प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात वाहन-नुकसानीचा साधा अर्ज ठेवा. जागेचा फोटो, गॅरेजचं बिल आणि गाडीची कागदपत्रं घ्या. रस्ता दोष दायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत, असेल तर रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून कापा. खोटे दावे येतील म्हणाल, तर येतील. आमच्यातलेही काहीजण बिल फुगवतील, नाकारत नाही. पण ताजा मार आणि जुना मार लपत नाही. जुन्या चेपलेल्या जागी मळ आणि गंज बसलेला असतो, ताज्या जागी धातू चकाकतो. तपासायला मोटार वाहन निरीक्षक बसवा, नाहीतर माझ्यासारख्याला बोलवा. अशा प्रत्येक बिलावर सही-शिक्का द्यायला आणि बदललेलं चाक घेऊन कार्यालयात यायला मी तयार आहे.

— एक गॅरेजवाला