मुक्तस्रोत काम प्रकल्प म्हणून स्वीकारावे

महोदय,

दिवसभर संगणकदुरुस्तीचे काम करून रात्री जेवणानंतर मी मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने तपासतो. स्कॅनमधील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारे यंत्र ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ वाचते, त्यामुळे एकेका पानाला अर्धा तास सहज लागतो. या चुका हेरण्यासाठी मी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली गेल्या महिन्यात प्रोग्रामरच्या जागेसाठी मुलाखत घेणाऱ्यांनी उघडूनही पाहिली नाही, पदविकेचे गुण तेवढे विचारले, याचे मला फार वाईट वाटले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात दर्जा दिलेल्या आपल्या भाषेला अशी साधने घडवणारे हात हवे आहेत. तंत्रनिकेतनांनी अशी मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता व सुधारता येणारी, साधने घडवण्याचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून स्वीकारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कराड